आधी सावली

सकाळी सहाला ताडपत्रीच्या दुकानाचं शटर अर्धंच वर जायचं. त्याखालून आधी एक लांब दांडा बाहेर यायचा, मग घडीची तिवई, मग फळ्यांची पिशवी आणि सगळ्यात शेवटी कमरेत वाकून छत्रीबाई. शटर पूर्ण वर केलं की दुकान उघडलं असं समजून कोणीतरी फाटकी ताडपत्री आणून टाकणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुकान नऊला. सहा ते नऊ ही वेळ तिची स्वतःची, तिच्यात वाटेकरी कोणी नाही, नवराही नाही.

होड्यांवरची छतं, ट्रकवरची आच्छादनं, बाजारातल्या गाळ्यांचे पडदे. बत्तीस वर्षं ती हेच शिवत आली. चित्र काढायला तिला कोणी शिकवलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी एका होडीवाल्याने छत शिवायला टाकलं आणि होडी रंगवून उरलेले चार डबे दुकानात विसरून गेला. महिनाभर वाट पाहून तिने ते उघडले, प्लायवूडचा एक तुकडा घेतला आणि समोर दिसणारा धक्का रंगवला. तो धक्का कसा झाला होता ते विचारू नका. पण त्या दिवसापासून बाई बिघडली ती बिघडलीच.

छत्रीबाई हे नाव छत्रीमुळे पडलं. उघड्यावर बसायचं तर डोक्यावर सावली हवी, म्हणून तिने दुकानातल्या निळ्या ताडपत्रीची भलीमोठी छत्री शिवली. शिवणाचं काम तिच्या हातचं, तेव्हा ती वादळातही उडाली नसती. फक्त एक गोम होती. निळ्या छत्रीखाली फळीवर निळा उजेड पडतो, आणि तो मारायला हात आपोआप पिवळ्या रंगाकडे जातो. दोन महिने तिने मन लावून काम केलं आणि सगळ्या फळ्या घरात आणून ओळीने लावल्या. नवऱ्याने चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाला, "समुद्राला कावीळ झालीय. डॉक्टरला दाखव." नवरा प्रवासी बोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेला, त्यामुळे समुद्राबद्दल त्याचा शब्द घरात शेवटचा. बाईने दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या कापडाची छत्री शिवली. नाव मात्र निळीच्या वेळचं चिकटलं.

दुसरा धडा गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून मिळाला. हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवून वर हौसेने देखावेही काढायचा. एकदा तिचं चित्र पाहून तो हनुवटी खाजवत म्हणाला, "बाई, तुमच्याकडे सूर्य किती उगवतात हो?" तिला कळेना. मग त्याने बोट ठेवून दाखवलं. घराची सावली सकाळी सातची, लांबलचक. शेजारच्या झाडाची सावली नऊची, आखूड. ती दोन तास बसली होती आणि सूर्य काही तिच्यासाठी थांबला नव्हता. बाईने ते चित्र चुलीत घातलं, पण धडा गाठीला बांधला. तेव्हापासून तिचा नियम एकच, आधी सावली. फळी लावली, डोळे किलकिले केले की पहिल्या पंधरा मिनिटांत सगळ्या सावल्या जिथल्या तिथे मांडून घ्यायच्या आणि नंतर त्यांना हात लावायचा नाही. झाडं, घरं, डोंगर कुठे पळून जात नाहीत. पळते ती सावली.

दुसरा नियम तिने स्वतः केला आणि त्याचा तिला भलता तोरा होता. जे आहे ते, आणि जिथे आहे तिथे. पेंटर चित्रात शोभा यावी म्हणून डोंगर इकडचा तिकडे करायचा, होडी नसली तरी एखादी सोडून द्यायचा. त्यावर ती बाजारात चारचौघांत म्हणायची, "यांच्या हातात ब्रश आला की डोंगरांच्यासुद्धा बदल्या होतात." पेंटर हसून सोडून द्यायचा. तिच्या प्रत्येक फळीमागे पेन्सिलीने तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि वारा लिहिलेला असायचा. कोणी चित्राचं कौतुक केलं तर ती आधी फळी उलटी करून मागची बाजू दाखवायची. एवढा ताठा बरा नव्हे, असं तिला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

तिची आवडती जागा म्हणजे गावाच्या टोकाचा उतार. वरून पाहिलं की खाली छोटीशी खाडी, तिथे पहाटे होड्या लागतात. उताराच्या मध्यावर दगडी कठड्याची जुनी विहीर, विहिरीच्या डावीकडे वाकलेलं एक जुनं झाड, उजवीकडे ओढा. आणि झाड व विहीर यांच्या मधून खाली जाणारी पायवाट. या वाटेने तिची धाकटी जाऊ रोज दोनदा जायची. रिकामी टोपली घेऊन खाली, मासळीने भरलेली डोक्यावर घेऊन वर. पंचवीस वर्षं हाच पायंडा. खालच्या मंडळींना वर यायला दुसरी वाट म्हणजे मोठ्या रस्त्याने वळसा, पाऊण तासाचा. जावेचा उजवा गुडघा आता कुरकुरत होता, पण पायवाट होती तोवर निभत होतं.

छत्री उतारावर दिसली की जाऊ वर येताना तिच्याजवळ क्षणभर थांबायची, मान वळवून फळीकडे पाहायची आणि म्हणायची, "ताई, अजून तेच? काल पण हेच होतं की."

"काल ओहोटी होती."

"बरं बाई, ओहोटी तर ओहोटी," असं म्हणून ती पुढे निघायची. चित्रांत तिला काडीचा रस नव्हता आणि ते ती लपवतही नव्हती.

मग तो उतार विकला गेला. नवे मालक शहरातले, बोलायला गोड, माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्यांनी वाकलेलं झाड पाडलं, मातीचे ट्रक ओतून जमीन सपाट केली, वर हिरवळ लावली आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. वाट गेली कुठे असं लोकांनी विचारलं, तर ते म्हणाले, "वाट? माझ्या जागेत वाट कधीच नव्हती. कुंपणाबाहेर ओढ्याकाठी आहे की जागा, जा तिथून." ओढ्याकाठी चिखल. जाऊ पहिल्या दिवशी भरल्या टोपलीसकट गुडघ्यापर्यंत रुतली आणि दोन माणसांनी ओढून काढली. दुसऱ्या दिवसापासून तिने मोठ्या रस्त्याचा वळसा धरला. आठवड्याभरात गुडघा सुजून भोपळा झाला.

जुन्या नकाशात पायवाटा दाखवलेल्या नव्हत्या. तोंडी साक्षी म्हणजे आमची माणसं विरुद्ध त्यांची माणसं. मोजणी अधिकारी गुरुवारी गावाच्या कार्यालयात दोन्ही बाजू ऐकणार होते, आणि सोमवारी सगळे ताडपत्रीच्या दुकानात जमून डोकं खाजवत बसले होते. तेव्हा पेंटरच म्हणाला, "अहो, बाईंची चित्रं आहेत ना!"

दुकानात एकदम जीव आला. बाईने शिलाई मशीन थांबवलं. तिची कळी अशी खुलली की विचारू नका. "त्या उतारावरून काढलेली अठरा चित्रं आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांतली. मागे तारीख, वेळ, सगळं. माझ्या चित्रात नसलेलं झाड उगवत नाही आणि असलेली वाट हलत नाही. साहेबांना म्हणावं, एक इंच चुकलेला दाखवा."

"अठरा कसली, एकोणीस," कोपऱ्यात पाय लांब करून बसलेली जाऊ म्हणाली. "ते कार्यालयात टांगलंय ते नाही का धरलं?"

बाईने शिलाई मशीन पुन्हा चालू केलं.

ते चित्र अठरा वर्षांपूर्वीचं. कार्यालयाची नवी इमारत झाली तेव्हा सभागृहात लावायला गावातल्या कोणाचं तरी चित्र हवं होतं. पेंटरनेही एक दिलं होतं, डोंगरांच्या बदल्या करून. बाईला काहीही करून आपलं निवडून यायला हवं होतं. ती उतारावर बसली, सावल्या मांडल्या, आणि मग पाहिलं तर खरी वाट फळीच्या बरोबर मधून सरळ खाली जात होती. चित्राचे दोन तुकडे झाल्यासारखे दिसत होते. तासभर ती चरफडली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं, आणि वाट उचलून विहिरीच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाने नेली. छान वळण आलं. चित्र निवडलं गेलं, टाळ्या झाल्या, आणि तेव्हापासून कार्यालयात बैठकीला गेली की बाई त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

आता वाट खरी कुठे होती हे ज्यांना ठरवायचं होतं, त्यांच्याच डोक्यावर ते चित्र टांगलेलं होतं. आणि त्यात वाट होती नेमकी तिथे, जिथे नवे मालक म्हणत होते.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून शेजारी येऊन बसला.

"अगं, त्यात काय एवढं? साफ करायला म्हणून उतरव. शिपाई ओळखीचा आहे. शुक्रवारी परत लाव."

"आणि कोणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? अठरा वर्षांत कोणी वर मान करून पाहिलं तरी का?"

बाईला हे पटलं, हे कबूल करायलाच हवं. मंगळवारी दुपारी ती फडकं घेऊन कार्यालयात गेली. शिपायाने स्टूल आणून दिलं. ती चढली, चौकटीला दोन्ही हात लावले. शिपाई खालून म्हणाला, "उतरवा खुशाल. फक्त मागे भिंतीचा पांढरा चौकोन राहील. बाकी भिंत काळवंडलीय ना." ती तशीच थांबली. गुरुवारी जाऊ सुजलेला पाय घेऊन या खोलीत बसणार आणि आपण त्या रिकाम्या चौकोनाला पाठ करून बसणार. आपलीच चोरी झाकायला आपलंच चित्र चोरायचं! तिला स्वतःचाच असा संताप आला की तिने चौकटीवरची धूळ रागारागाने पुसली आणि खाली उतरली. "राहू दे तिथेच," ती शिपायाला म्हणाली. "गुरुवारी लागणार आहे."

गुरुवारी सभागृह भरलं. मोजणी अधिकारी शांत माणूस होते, कमी बोलणारे. बाईने अठरा फळ्या भिंतीला टेकवून ओळीने लावल्या. प्रत्येकीत वाट झाड आणि विहिरीच्या मधून जात होती. लोक माना डोलवत होते. नवे मालक मात्र निवांत बसून वर भिंतीकडे पाहत होते, आणि त्यांच्या ओठांवर बारीक हसू होतं. बाईने ते पाहिलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत ती उभी राहिली.

"साहेब, ही अठरा खरी आहेत. तुमच्या डोक्यावरचं एकोणिसावं खोटं आहे. मीच काढलंय. वाट मधोमध येत होती, चित्र बिघडत होतं, म्हणून मी ती ओढ्याकडे सरकवली. चूक माझी."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

नवे मालक उठले. "साहेब, मी हेच दाखवणार होतो. आता यांनीच सांगितलं की या वाटा सरकवतात. मग एकच सरकवली कशावरून? अठरा सरकवल्या नसतील कशावरून? आज म्हणतात हे खोटं, उद्या म्हणतील ते खोटं."

अधिकाऱ्यांनी बाईकडे पाहिलं. "यावर तुमचं काय म्हणणं आहे?"

बाईने भिंतीला टेकवलेल्या अठरा फळ्यांकडे पाहिलं. त्या माणसाच्या जागी ती असती तर तिनेही हेच विचारलं असतं. इतक्या वर्षांचा ताठा असा एका मिनिटात जमिनीवर आलेला तिने पाहिला, आणि त्याहून वाईट म्हणजे मागच्या बाकावर बसलेल्या जावेचा पाय पाहिला. स्वतःच्या नाकाची तिला तेव्हा पर्वा नव्हती. वाट जाणार, आणि ती आपल्या एका वळणापायी जाणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात जाऊ उठली. लंगडत पुढे आली ती थेट अधिकाऱ्यांच्या खुर्चीमागे, भिंतीजवळ. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच ताईंचं एखादं चित्र नीट पाहत होती. नाक चित्राला लागेल इतकी ती जवळ गेली.

"ताई, ही झाडाची सावली ना?"

"हो."

"मग ही इथे अशी खाली का बुडालीय?"

बाई पुढे झाली. वाकलेल्या झाडाच्या खोडाची सावली गवतावरून विहिरीपर्यंत गेली होती, सरळ, पट्टीसारखी. फक्त झाड आणि विहिरीच्या मध्ये ती एकदम खाली मोडत होती आणि बोटभर पुढे जाऊन पुन्हा वर येत होती. चित्रात तिथे काहीच नव्हतं, नुसतं सपाट गवत.

"हा आपला खळगा आहे," जाऊ म्हणाली. "पाय घासून घासून पडलेला. रोज टोपली घेऊन येताना इथेच पाय उचलून टाकावा लागतो. डोळे मिटून सांगेन मी."

बाईने सावली मोडते तिथे बोट ठेवलं. मग तिला हसू फुटलं, मोठ्याने, सभागृहाचं भान न ठेवता. "साहेब, मी सावली आधी काढते! नेहमी! वाट मी तासाभराने सरकवली, पण सावली सकाळीच काढून झाली होती. तिला मी नंतर हात लावत नाही. विचारा या पेंटरना."

पेंटर उभा राहिला. त्याला बदला घ्यायचा असता तर याहून चांगली वेळ नव्हती. "खरं आहे साहेब," तो म्हणाला. "हे खूळ त्यांना मीच लावलंय. सावलीला त्या कोणाला हात लावू देत नाहीत, स्वतःलाही नाही."

नवे मालक काही बोलणार होते, पण अधिकारी आधीच उठले होते. चित्र उतरवायला लावून त्यांनी फूटपट्टीने विहिरीची रुंदी मोजली, सावली मोडते तिथपर्यंतचं अंतर मोजलं आणि आकडा कोणालाही न दाखवता खिशात ठेवला. मग सगळी वरात उतारावर गेली. अधिकाऱ्यांनी जावेला सांगितलं, "तुमचा पाय जिथे उचलायचा तिथे उभ्या राहा." ती विहिरीच्या कठड्यापाशी गेली, विहिरीला पाठ केली, आणि झाड होतं त्या बाजूला हिरवळीवर चार पावलं टाकून थांबली. अधिकाऱ्यांनी विहिरीची रुंदी टेपने घेतली, कागद काढला, हिशोब केला, टेप पुढे ओढली. टेप जावेच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबली.

"इथे खणा," ते म्हणाले.

दोन फूट भराव निघाला. त्याखाली फावडं खणकन वाजलं. सव्वा हात रुंदीची जमीन, दगडासारखी घट्ट झालेली, आणि तिच्यात बसवलेले तीन चपटे दगड, मधोमध झिजून गुळगुळीत. नवे मालक खड्ड्यात वाकून पाहत राहिले. मग ते म्हणाले, "मी इथे एक फाटक ठेवतो."

"फाटक नाही," अधिकारी म्हणाले. "वाट."

परतताना पेंटर बाईच्या बरोबरीने चालत होता. "शेवटी तुम्हीही बदलीचा आदेश काढलात तर," तो म्हणाला. बाईने नेहमीसारखं काहीतरी तडकावून द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "काढला. आणि तो रद्दही मीच केला." दोघं हसली.

कार्यालयातलं चित्र बदलून देऊ का, असं तिने विचारलं, तर अधिकाऱ्यांनीच नको म्हटलं. मग तिने ते उलटं करून मागे पेन्सिलीने दोन ओळी वाढवल्या. वाट सरकवलेली आहे. खरी वाट सावली मोडते तिथे. आता बैठकीला गेली की ती त्याच्याकडे तोंड करून बसते.

महिन्याभराने कुंपण मागे सरकलं, भराव निघाला आणि वाट पुन्हा उघडी पडली. झाड मात्र गेलं होतं, त्याचं तिला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. त्या दिवशी सकाळी सहाला अर्ध्या शटरखालून दांडा, तिवई, फळ्या आणि बाई बाहेर पडली. उतारावर तिने पांढरी छत्री रोवली, डोळे किलकिले केले, आधी विहिरीची सावली घेतली, मग कुंपणाच्या खांबांच्या. मग वाट. ती पहिल्यासारखीच फळीच्या बरोबर मधून सरळ खाली गेली आणि चित्राचे दोन तुकडे झाले. बाईने मान तिरकी करून पाहिलं. वाईट दिसत होतं. तिने ब्रश पुसून ठेवला.

जाऊ खालून वर आली, डोक्यावर भरली टोपली, तीन दगडांवर नेमका पाय टाकत. छत्रीपाशी थांबली, मान वळवली. या वेळी तिने बराच वेळ पाहिलं.

"कसं वाटतंय?" बाईने विचारलं. सव्वीस वर्षांत हे तिने जावेला कधी विचारलं नव्हतं.

"बरोबर आहे," जाऊ म्हणाली. "इथूनच येते मी."